जोरात ब्रश केल्याने हिरडीला जखम झालीय, काय करू?

पहाटवारा

चार दिवसांपूर्वी सकाळी घाईघाईत ब्रश करत होते. डाव्या बाजूच्या वरच्या सुळ्यावरून ब्रश सटकला आणि त्याचं प्लास्टिकचं टोक सरळ वर हिरडीत घुसलं. जोराची कळ आली, थुंकीत थोडं रक्त दिसलं. चूळ भरली आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी तिथे जीभ लावली तर खड्डा पडल्यासारखं वाटलं. ओठ वर करून आरशात पाहिलं तर सुळ्याच्या मुळाशी पांढरट पिवळा डाग आणि त्याच्या कडेने लालभडक गोल. मला वाटलं पेस्ट सुकून चिकटलीय, म्हणून ब्रशनेच घासून काढायला गेले. डाग निघाला, पण खालून रक्त यायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत पहिल्यापेक्षा मोठा डाग परत हजर. मग कुणीतरी सांगितलं म्हणून कापसाच्या बोळ्यावर लवंगाचं तेल घेऊन दाबून धरलं. आधी बधिर झालं, बरं वाटलं. रात्री मात्र आग आग. आज त्याच्यासमोरचा ओठाचा आतला भागही पांढरा पडलाय, सालपट निघाल्यासारखा.

खाताना झोंबतं, बोलताना ओठ घासला की चरचरतं. माझे प्रश्न असे:
हा पांढरा डाग म्हणजे पू आहे का?
ब्रश काही दिवस बंद ठेवू का?
कोणतं जेल लावावं, आणि किती दिवसांत बरं होतं?

दातांच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळालीय. तोवर काय करू?

रेशीमगाठ

अरेरे, ती जागा फार दुखते. मला मागच्या दाढेशी असंच झालं होतं, आठवड्याभरात आपोआप गेलं. मिठाच्या पाण्याने गुळण्या कर आणि लवंगाचं तेल आधी बंद कर.

दंतमित्र

मी दातांची डॉक्टर आहे. इथून तोंड तपासता येत नाही, पण तुम्ही इतकं नीट लिहिलंय की बऱ्याच गोष्टी सांगता येतील.

पहिलं म्हणजे तो पांढरा पिवळा थर पू नाही आणि घाणही नाही. जखमेवर शरीर फायब्रिन नावाच्या प्रथिनाचं जाळं विणतं. बाहेरच्या कातडीवर त्याचीच सुकून खपली होते. तोंडात कायम ओल असते म्हणून खपली धरत नाही, त्याऐवजी हा मऊ पांढरट पडदा दिसतो. त्याच्याखाली नवी त्वचा कडेकडून मध्याकडे सरकत येते. तुम्ही तो खरवडलात म्हणजे खपली ओढून काढलीत. म्हणून रक्त आलं आणि म्हणून डाग मोठा झाला. आता त्याला जिभेने चाळवणंही बंद करा. हे कठीण आहे, जीभ आपोआप तिथे जाते, पण प्रयत्न करा.

ओठाची आतली बाजू पांढरी पडलीय ती बहुतेक लवंगाच्या तेलाने भाजलीय. त्या तेलातला युजेनॉल हा घटक दुखणं बधिर करतो हे खरं, पण निव्वळ तेल उघड्या जखमेवर दाबून धरलं तर नाजूक त्वचा पोळते. दुखऱ्या दाताजवळ अॅस्पिरिनची गोळी ठेवून हिरडी जाळून घेतलेले पेशंटही मी पाहिलेत. गोळी गिळायची असते, हिरडीवर ठेवायची नसते. ही भाजलेली सालपटं ओढू नका, आपली आपण गळून पडतील.

आता काय करायचं ते. एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला, घोट तोंडात घेऊन अर्धा मिनिट सावकाश फिरवा आणि थुंका. दिवसातून तीनचार वेळा, विशेषतः खाल्ल्यानंतर. मीठ जास्त घातलं म्हणजे लवकर बरं होत नाही, उलट जखम जास्त झोंबते. मीठ अजिबात सोसत नसेल तर अर्धा कप पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून तशाच चुळा भरा. तिखट, आंबट, फार गरम आणि कुरकुरीत टोकदार पदार्थ काही दिवस नकोत. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको.

ब्रश बंद करू नका! ही चूक जवळजवळ सगळे करतात. ब्रश बंद केला की दोनतीन दिवसांत हिरडीच्या काठावर जंतूंचा थर साठतो, हिरडी सुजते आणि जखम भरायला उशीर होतो. बाकीचं तोंड नेहमीसारखं घासा, पण मऊ ब्रशने. त्या एका सुळ्यापाशी हिरडीला न लावता फक्त दाताचा भाग अलगद पुसून घ्या.

अशी जखम कारण थांबलं की सात ते दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत भरते. तुमच्याकडून ती मध्येच दोनदा दुखावली गेली, तेव्हा मोजणी आजपासून धरा. दोन आठवडे उलटूनही तशीच असेल, किंवा ताप, चेहऱ्याला सूज, गिळायला त्रास, वाढत जाणारं ठणकणं असं काही सुरू झालं, तर मिळालेल्या वेळेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

कागदीहोडी

@दंतमित्र, क्लोरहेक्झिडिनचा माउथवॉश चालेल का? माझ्या हिरडीला असंच लागलं तेव्हा मी तो वापरला. बरं वाटलं म्हणून महिनाभर चालूच ठेवला, तर खालचे पुढचे दात तपकिरी झाले आणि कशालाच चव लागेना. मी खूप घाबरले होते.

दंतमित्र

चालेल. जखमेपाशी ब्रश नीट लागत नाही तेवढ्या दिवसांत तो खरंच उपयोगी पडतो. ०.२ टक्क्याचा असेल तर १० मिलि, दिवसातून दोनदा, एक मिनिट. पेस्टने दात घासल्यावर लगेच वापरू नका, अर्धा तास जाऊ द्या, कारण पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकाने त्याचा असर कमी होतो. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांच्या पुढे नको. तपकिरी डाग हा त्याचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे, दात साफ करून घेतले की निघतो. चवही परत येते. घाबरू नका.

जेलबद्दल पहाटवारांनी विचारलं होतं, ते राहिलं. लिग्नोकेन किंवा बेंझोकेन असलेलं जेल तेवढ्यापुरतं बधिर करतं. जेवणाआधी थोडं लावलं तर चार घास नीट जातात. ट्रायअॅमसिनोलोनची ०.१ टक्क्याची तोंडात लावायची पेस्ट मिळते, ती स्टेरॉइड आहे. सूज आणि दुखणं कमी करते, पण डॉक्टरांनी जखम पाहिल्यावरच घ्यावी, कारण नागीण जातीच्या विषाणूने आलेले फोड असतील तर ती उलटते. ती लावायचीही पद्धत आहे. झोपायच्या आधी जागा कापसाने टिपून कोरडी करायची, बोटावर अगदी थेंबभर पेस्ट घ्यायची आणि नुसती टेकवायची. चोळली तर तिचा रवाळ चुरा होतो आणि ती चिकटतच नाही. टेकवली तर गुळगुळीत पापुद्रा धरते.

पिंपळपान

घरात लहान मुलं असलेल्यांसाठी लिहिते. बेंझोकेनचं जेल दोन वर्षांखालच्या बाळाला लावू नये. त्याने क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद एकदम घटते, आणि हे जिवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला होता. सॅलिसिलेट असलेली जेलंही लहान मुलांना नकोत. ब्रिटनमध्ये २००९ पासून ती १६ वर्षांखालच्यांना देऊ नका असं सांगितलं जातं.

माझ्या मुलाला तीन वर्षांचा असताना हिरडीवर फोड आला होता आणि तो माझ्या हाताने आला होता. तो तोंड उघडायचा नाही, मी मागून डोकं धरून रगडून घासायचे. वाटायचं, दात किडू नयेत म्हणून करतेय. त्याच्या तोंडात रक्त बघून माझा हातच गळाला. आता त्याला मांडीवर आडवं घेऊन, ओठ बोटाने उचलून, आतली बाजू दिसेल असं घासते. वरच्या ओठाच्या मधोमध आत एक पातळ पडदा हिरडीला जोडलेला असतो, ब्रश आडवा फिरवला की नेमका तिथे आपटतो. तिथे बोट आडवं ठेवलं की लागत नाही.

आणि तोंडात ब्रश घेऊन मुलांना पळू देऊ नका. पडलं तर ब्रश टाळूत घुसतो.

सातवीपायरी

जोर किती लावतो हे आपल्याला खरंच कळत नाही. मला आमच्या डॉक्टरांनी एक गोष्ट करायला लावली, ती इथे सांगतो. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. त्यावर ब्रशचे केस टेकवा आणि नेहमी दातावर दाबता तसं दाबून आकडा पाहा. साधारण १५० ग्रॅमच्या आसपास पुरतं असं मला सांगितलं होतं. माझा आकडा आला ४८०. मी परत परत करून पाहिलं, कारण मला वाटत होतं की मी अगदी सावकाश दाबतोय.

१५० वर आलो तेव्हा ब्रशचे केस जेमतेम वाकले होते. एवढ्याने काय साफ होणार असं वाटलं. पण दातावरचा रोजचा थर मऊ असतो, नखानेसुद्धा निघतो. तो टोकांनी झाडला जातो. दाबलं की केस आडवे पडतात आणि मग टोकं दाताला लागतच नाहीत, केसांच्या कडा हिरडीवर घासतात. आणि जे कीटण दगडासारखं घट्ट झालंय ते कितीही रगडलं तरी ब्रशने निघत नाही, ते दवाखान्यातच काढावं लागतं. म्हणजे जोर दोन्हीकडे वाया.

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. तेल बंद केलं, मिठाच्या पाण्याने सुरुवात केली. पहिल्या चुळीला डोळ्यांत पाणी आलं, पण तिसऱ्या वेळेपासून सोसलं.

सातवीपायरी, आत्ताच काट्यावर करून पाहिलं. ३९० ते ४२०! आणि तेही दुखतंय म्हणून सांभाळून दाबलेलं. मग लक्षात आलं की मी ब्रश मुठीत धरते, केर काढताना झाडू धरावा तसा. माझा ब्रश दीड महिन्यात दोन्ही बाजूंनी फुलारतो, आणि मी आजवर ब्रशच्या कंपन्यांना नावं ठेवत आले.

दंतमित्र

फुलारलेला ब्रश ही सगळ्यात सोपी खूण आहे. ब्रश तीनचार महिन्यांनी बदलायचा असतो. त्याच्या कितीतरी आधी केस बाहेर वळत असतील तर हात जड आहे हे नक्की. फुलारलेल्या केसांची टोकं हिरडीला टोचतात, तेव्हा जखम असताना नवा, मऊ ब्रश घ्याच.

ब्रश पेनासारखा बोटांच्या टोकांत धरा. मुठीत धरला की खांद्याचा आणि कोपराचा जोर येतो, बोटांत धरला की फक्त मनगट हलतं. केस दात आणि हिरडीच्या सांध्याकडे ४५ अंशात तिरके टेकवा, जागच्या जागी अगदी थोडं थोडं हलवा, दोन दात झाले की पुढे सरका. लांब आडवे फटकारे नकोत, ब्रश सटकतो तो त्यातच. ही पद्धत चार्ल्स बास या अमेरिकन डॉक्टरने १९४० च्या दशकात मांडली. ते मूळचे दातांचे नव्हते, वैद्यकाचे डॉक्टर होते. ब्रशचे केस बारीक हवेत आणि त्यांची टोकं गोल हवीत यावर त्यांचा कटाक्ष होता. तोवर नायलॉनचे ब्रश येऊन फार वर्षं झाली नव्हती, १९३८ मध्ये पहिला आला. त्याआधी डुकराच्या राठ केसांचे ब्रश असत. आज मऊ ब्रश सहज मिळतो, तरी लोक कडकच मागतात याचं मला वाईट वाटतं. कडक ब्रश घेऊन आलेल्या माणसाचे दात बरेचदा खूप स्वच्छ असतात आणि हिरड्या मात्र सोललेल्या असतात.

माजघर

त्या सोललेल्या हिरड्यांबद्दल मी सांगते, कारण ते माझ्यावर बेतलंय. मला अशा जखमा वर्षातून दोनतीनदा व्हायच्या. दर वेळी भरायच्या, म्हणून कधी मनावर घेतलं नाही. जखम भरली, पण हिरडी हळूहळू वर सरकत गेली. मी उजव्या हाताने घासते, म्हणून डाव्या बाजूचे सुळा आणि पुढच्या दाढा जास्त उघड्या पडल्या. उजव्या हाताच्या माणसांत हे बरेचदा दिसतं असं डॉक्टर म्हणाले. नंतर दाताच्या मानेपाशी खाच पडली. नख अडकतं त्यात. गार पाण्याचा घोट घेतला की कपाळापर्यंत सणक जाते.

सरकलेली हिरडी आपली आपण परत खाली येत नाही. माझ्या खाचा भरून घेतल्या, एका दातावर टाळूची त्वचा घेऊन हिरडीवर लावली. पहाटवारा, तुमची ही पहिली जखम असेल तर आत्ताच हात हलका करा, कळकळीने सांगते.

आणखी एक, आंबट काही खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. आम्लाने दाताचं वरचं कवच तेवढा वेळ मऊ पडलेलं असतं, घासलं की झिजतं. पाण्याने चूळ भरून अर्धा तास तरी थांबा.

अबोली२

मला नेहमी तोंड येतं. ओठाच्या आत, गालाला, जिभेखाली गोल गोल व्रण. ब्रश जरा लागला तरी दोन दिवसांनी तिथे एक तयार. हे ब्रशमुळेच म्हणायचं का?

दंतमित्र

अबोली, काही जणांची प्रकृतीच अशी असते की बारीकसा ओरखडाही व्रणाला पुरतो. ब्रश निमित्त होतो. फरक असा ओळखा. नुसती ब्रशची जखम लागलेल्या जागी, एकच आणि वेडीवाकडी असते. वारंवार येणारे व्रण गोल, बरेचदा एकाहून जास्त, आणि ओठ गालांच्या मऊ भागात येतात. असं दर महिन्या दोन महिन्यांनी होत असेल तर रक्त तपासून घ्या. लोह, बी१२ किंवा फोलिक अॅसिड कमी असणं हे एक नेहमी सापडणारं कारण. काही औषधांनीही तोंडात व्रण येतात, तेव्हा चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. आणि सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट दोनतीन महिने वापरून पाहा. तो फेस आणणारा घटक आहे. तो टाळल्यावर काहींना व्रण कमी येतात, सगळ्यांना नाही. फ्लोराइड मात्र असू द्या.

अबोली२

बी१२ कधीच तपासलं नाही. करते. थँक्यू.

उत्तररात्र

मला इथे थोडं वेगळं सांगायचंय. कुणाला घाबरवायचं नाही, पण न सांगितलं तर मला झोप लागणार नाही.

माझ्या वडिलांच्या जिभेच्या कडेला एक व्रण होता. ते म्हणाले, ब्रश लागला. आम्हीही तेच धरून चाललो, कारण ते खरंच जोरात घासायचे. आवाज बाहेरच्या खोलीत यायचा. पहिला आठवडा मिठाचं पाणी, दुसरा आठवडा जेल. तिसऱ्या आठवड्यात दुखणं जवळजवळ थांबलं, म्हणून सगळे निवांत. व्रण मात्र होता तसाच होता. आईने एकदा बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, कड घट्ट लागतेय. त्या एका वाक्यावर आम्ही त्यांना घेऊन गेलो.

डॉक्टरांनी आधी त्याच्यासमोरच्या दाढेचा तुटलेला टोकदार कोपरा घासून गुळगुळीत केला, दोन आठवडे थांबले. तरी भरला नाही. मग तुकडा काढून तपासणीला पाठवला. पेशींमध्ये बदल सुरू झाले होते, कर्करोग अजून झालेला नव्हता. तेवढा भाग काढून टाकला. आज ते ठीक आहेत, दर काही महिन्यांनी दाखवायला जातात. दुखत नाही म्हणजे बरं होतंय असं आम्ही धरलं होतं.

दंतमित्र

तुमच्या आईंचं बोट फार मोलाचं ठरलं. हे लिहिल्याबद्दल आभार.

सगळ्यांसाठी परत लिहिते. तीन आठवड्यांच्या वर राहिलेला कोणताही व्रण, दुखो वा न दुखो, डॉक्टरांनी पाहिलाच पाहिजे. कड घट्ट लागणं, खाली गाठ जाणवणं, लाल किंवा पांढरा चट्टा न पुसला जाणं, मानेत गाठ, जीभ किंवा ओठ बधिर होणं, यातलं काही असेल तर तीन आठवडेही थांबू नका. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं, पण ते तपासूनच ठरू द्या. जखम झाली त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. 'बरेच दिवस झाले' हे नेमके किती हे कुणालाच आठवत नाही.

पहाटवारा

मी आरशापाशी चिठ्ठी लावलीय, तारखेची.

रेशीमगाठ

कशी आहेस आता? दिसली नाहीस म्हणून विचारतेय.

पहाटवारा

आज बारावा दिवस, दंतमित्रांनी सांगितलं तिथून मोजलं तर आठवा. ओठाच्या आतली सालपटं पाचव्या दिवशीच गेली, खालून गुलाबी निघालं. हिरडीवरचा पांढरा डाग रोज थोडा आत आत येत गेला, काल तर टाचणीच्या डोक्याएवढा उरला होता आणि आज नाहीच. तिथे आता बाकी हिरडीपेक्षा थोडी जास्त लाल, चकचकीत जागा आहे. जीभ लावली तर गुळगुळीत लागते. डॉक्टरांनीही पाहिलं, म्हणाले भरलीय. पण त्याच सुळ्याशी हिरडी किंचित सरकायला लागलीय असंही म्हणाले. एक मिलिमीटरसुद्धा नाही. त्यांनी मोजून लिहून ठेवलंय आणि सहा महिन्यांनी परत मोजणार आहेत. माजघर, तुमचं लिहिणं तेव्हा आठवलं.

ब्रश पेनासारखा धरायला पहिले चार दिवस अवघड गेलं, मागच्या दाढांपाशी हात परत मुठीवर यायचा. मग एक दिवस डाव्या हाताने करून पाहिलं. डाव्या हाताला जोर लावताच येत नाही, म्हणून हलकं कसं वाटतं ते कळलं. तेच उजव्या हातात आणायचा प्रयत्न चाललाय. काल काट्यावर १७०.

दंतमित्र, शेवटचा प्रश्न. दाबलं की लाल दिवा लागतो तो इलेक्ट्रिक ब्रश घेऊ का?

दंतमित्र

१७० वर आला असाल तर गरज नाही. ज्यांचा हात कशानेच हलका होत नाही त्यांना त्या दिव्याची मदत होते. तुम्ही महिनाभर दर रविवारी काट्यावर पाहत राहा. आणि नव्या ब्रशचे केस तीन महिन्यांनी कसे दिसतात ते इथे येऊन सांगा.